आर्याचं पान

१

विभाला खोटं बोलता येत नसे असं नाही, पण ती खोटंही मोजूनमापून बोलायची. शास्त्रज्ञ बाई ती. लखनौच्या एका संशोधन संस्थेत दिवसभर उंदरांवर औषधांचे परिणाम बघायचे, आणि घरी नवरा आमटीत मीठ जास्त झालंय म्हणाला तर त्यालाही पुरावा मागायचा. अशी ही बाई एका रविवारी सकाळी आपल्या मुलीशी फोनवर बोलली, आणि त्याच दुपारी ती मुलगी वारली म्हणून सांगायला घराबाहेर पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मुलगी आर्या, बंगळूरला नोकरीला. अनघा नावाच्या मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहायची. लहानपण हैदराबादेत आणि भोपाळमध्ये गेलेलं, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

"आई, आज इतनी सुबह फोन?"

"दुपारी एकीकडे जेवायला जायचंय. म्हटलं आधीच बोलून घ्यावं."

"अच्छा. मेरे हिस्से का भी खा लेना," म्हणून आर्या हसली, आणि मीटिंग आहे म्हणाली. रविवारीसुद्धा तिची मीटिंग असायची.

आता हे सोंग कशासाठी, ते सांगायला हवं. विभाची थोरली बहीण अरुणा लखनौच्याच सरोजिनी नगरात राहायची. तिची एकुलती एक शर्वरी, बावीस वर्षांची, हसरी पोर. कॉलेजातल्या कुणाबरोबर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या एका घरी एका रविवारी जेवायला गेली आणि तिथेच राहिली. पोलिसांनी सांगितलं, लड़की बालिग है, अपनी मर्ज़ी से है. अरुणा त्या घराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा शर्वरी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आंटी, धूप में मत खड़ी रहिए." आईला आंटी. अरुणाने तो ग्लास तिथेच फाटकावर ठेवला आणि घरी येऊन अंथरूण धरलं.

चार ठिकाणी विचारून अरुणाने एवढं काढलं होतं की त्या घरात ज्यांचं मूल गेलंय अशांनाच घेतात. दर रविवारी पंगत बसते. गेलेल्याचं नाव घेऊन पान वाढतात आणि तिथली एखादी मुलगी किंवा मुलगा त्या पानावर बसून जेवतो. काही रविवार असे झाले की ते मूल त्या आईबापांबरोबर त्यांच्या घरी राहायला जातं. मग बेत ठरला. विभा लखनौला नुकतीच आलेली, तिथे तिला शर्वरीशिवाय कुणी ओळखत नव्हतं. तिने जायचं, रडायचं, शर्वरीला आपल्या पानावर बसवायचं, आणि घरी आणली की तशीच गाडीत घालून थेट मिरजेला आजोळी पोचवायची.

"नाव काय सांगशील?" अरुणाने विचारलं.

"आर्याचंच. भलतं नाव घेतलं तर कुठेतरी अडखळेन. आवडीनिवडी, सवयी, सगळं तोंडपाठ आहे."

"अगं, शुभ बोल जरा. वास्तू तथास्तु म्हणते."

"ताई, वास्तूला एवढे कान असते तर तुझी शर्वरी केव्हाच परत आली असती."

अरुणा रडायला लागली. पण जाऊ नकोस असं काही तिने म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा.

२

घर बघून विभाला हसूच आलं. तिला वाटलं होतं कुणी दाढीवाला बाबा असेल, भगव्या चादरी, उदबत्त्यांचा धूर. तसलं काही नाही. हाउसिंग बोर्डाचं दुमजली घर, दारात स्कूटर, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि आतून साजूक तुपाचा वास. भिंतीवर कुणाचा फोटोसुद्धा नव्हता. सगळा कारभार माणिककाकू नावाच्या एका बाईंच्या हातात. साठीच्या, सुती साडी, हातात डाव. लखनौत जन्म गेला तरी बोलणं अजून सांगलीकडचं.

"ये गं. चप्पल तिकडे काढ. उन्हातनं आलीस, आधी पाणी पी," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून हाक मारली.

पाणी घेऊन शर्वरी आली. विभाने हिला सायकल शिकवली होती. दहावीच्या सुट्टीत पोर महिनाभर तिच्याकडे राहिली होती. विभाने ग्लास घेताना तिचं बोट हळूच दाबलं. शर्वरी हसली, आल्या पाहुण्याकडे बघून हसावं तेवढंच, आणि म्हणाली, "और चाहिए, आंटी?"

शहाणी आहे पोर, विभाच्या मनात आलं. ओळख दाखवत नाहीये, म्हणजे तिलाही बाहेर पडायचंय. विभाला एकदम धीर आला.

हॉलमध्ये पाट मांडले होते, समोरासमोर. एका बाजूला आईबाप, दुसऱ्या बाजूला तरुण पोरं. त्या खोलीत आवाज फक्त जेवणाचा होता. पत्रावळीवर बोटं फिरल्याचा, भुरका मारल्याचा, वर पंख्याचा. कुणी रडत नव्हतं. विभाच्या शेजारी श्रीरंगराव म्हणून एक निवृत्त गृहस्थ बसले होते. समोरच्या मुलाच्या भातावर ते तूप वाढत होते, आणि तो मुलगा पुरे म्हणेपर्यंत वाढत राहिले.

विभाच्या समोरचा पाट रिकामा होता. माणिककाकूंनी त्याच्यापुढे पान वाढलं.

"नाव सांग."

"आर्या."

"काय आवडायचं तिला?"

आवडायचं. तो भूतकाळ विभाला खटकला. पण ती बोलली. वरणभात, लिंबाचं लोणचं. काकडी नको. जेवताना एक पाय वर घेऊन बसायची. बोलता बोलता डोळे भरून आले आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. एवढं बरं नाटक आपल्याला जमतं हे तिला माहीत नव्हतं.

"कोण बसतंय?" काकूंनी भिंतीशी उभ्या असलेल्या मुलांकडे बघून विचारलं. शर्वरी पुढे आली आणि पाटावर बसली. एक पाय वर घेऊन.

नशीब जोरावर आहे, विभाला वाटलं. मग शर्वरीने भात कालवायला घेतला. एकही गोळा राहू नये असा, बोटांनी चेपून चेपून. फोडणीतला कढीपत्ता वेचून पत्रावळीच्या कडेला एका ओळीत लावत गेली. कढीपत्त्याचं विभाने सांगितलं नव्हतं. आर्या तसंच करायची, अगदी तिसऱ्या वर्षापासून, आणि त्यावरून मार खायची.

मावसबहिणी आहेत, विभाने मनाशी म्हटलं. मिरजेला दर मे महिन्यात शेजारी बसून जेवल्यात. बघितलेलं असणार. यात काय एवढं.

शर्वरीने मान वर केली. "आई, नमक कम है."

पंगतीतले सगळे हात थांबले. आता विभा काय करते इकडे सगळ्यांचं लक्ष. विभाने मिठाची वाटी पुढे सरकवली.

"घे बाळा," ती म्हणाली.

३

त्या संध्याकाळी आर्याचाच फोन आला. एरवी तिचा फोन यायचा नाही, करावा लागायचा.

"आई, दोपहर से पेट इतना भरा है ना, पूछो मत. अनघा ने बिर्यानी मँगवाई, एक निवाला नहीं गया."

"काल काय खाल्लंस?"

"कुछ नहीं यार. और मुँह में वरण का स्वाद आ रहा है. फीका-सा, जैसे तुम नमक डालना भूल गई हो."

विभाने पित्ताची गोळी घ्यायला सांगितली. मग स्वतःला समजावलं. एक घटना म्हणजे योगायोग. एकावरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलांना ती प्रयोगशाळेतून हाकलून द्यायची.

पुढच्या रविवारी ती परत गेली. त्याच्या पुढच्याही. दर खेपेला शर्वरी नवं काहीतरी घेऊन पाटावर बसायची. आर्याचं नाक ओढणं. बोलता बोलता कानाची पाळी चोळणं. एकदा ती भोपाळच्या शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवायला लागली. आर्या त्या शाळेत होती तेव्हा शर्वरी भोपाळला कधी गेलीच नव्हती. विभा हसत होती, आणि हसता हसता तिला घाम फुटला.

आणि तिकडे बंगळूरला पोर वाळत चालली. आधी जेवण गेलं. मग एक दिवस म्हणाली, ऑफिसचा दरवाजा माझं कार्ड घेत नाहीये, सगळे आत जातात, मी बाहेर उभी. मग म्हणाली, "आई, अनघा बार-बार पूछती है, तू कौन से कमरे में सोती है. एक ही तो कमरा है मेरा." आवाज लांबून यायचा. विभा म्हणाली, बाळा, लाइन खराब आहे. आर्या म्हणाली, "नहीं आई, लाइन ठीक है."

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, आई ना ही? पोटचा गोळा झिजतोय आणि ही दर रविवारी साडी नेसून जेवायला जाते? पण विभाची अडचण अशी की थांबायचं म्हटलं तर ते सगळं खरं मानावं लागत होतं. आणि दुसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही, ती मी सांगतो. तिकडे पाटावर बसलेली पोर तिच्या हातचं मागून घ्यायची. पान संपेपर्यंत उठायची नाही, आई आई करून बोलत राहायची, तिला कसलीही मीटिंग नव्हती. असं तिच्या पानावर किती वर्षांत कुणी जेवलं नव्हतं. विभा शनिवारपासूनच रविवारची वाट बघायला लागली होती.

तरी एकदा ती अरुणाकडे गेलीच. अरुणा दुधी किसत होती.

"ताई, मी नाही जाणार आता. आर्याला काहीतरी होतंय."

"डॉक्टरला दाखव. तरुण पोरी खाण्यापिण्याची असली थेरं करतातच."

"तसं नाही गं. मला भीती वाटते."

अरुणाने किसणी खाली ठेवली. "भीती? माझ्या पोरीने मला आंटी म्हटलं, विभा. दारात उभं करून पाणी दिलं. पुढच्या रविवारी पाठवते म्हणाल्यात ना त्या बाई तुझ्याबरोबर?"

"हो."

"मग एवढा रविवार कळ काढ. माझी पोर एकदा माझ्या हातात दे, मग तुझ्या पोरीचं काय ते बघ."

तिने पुन्हा किसणी घेतली. विभा निघताना ती दारापर्यंतही आली नाही.

४

त्या रविवारी विभाने घरातूनच ठरवलं होतं. जे व्हायचं ते होऊ दे, खरं सांगून टाकायचं. पान वाढलं, शर्वरी येऊन बसली, आणि विभा उभी राहिली.

"मी खोटं बोलले. माझी मुलगी जिवंत आहे, बंगळूरला आहे. ही शर्वरी. माझ्या बहिणीची मुलगी. हिला न्यायला आलेय मी."

तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणी हात धरेल, दार लावून घेतील. तशी तयारी होती, पर्समध्ये फोनवर बोट होतं. पण पंगत चालूच राहिली. एकाने भात मागून घेतला. काकूंनी तो वाढला.

"मी माझ्या पुतण्याला न्यायला आलो होतो," श्रीरंगराव मान वर न करता म्हणाले. "आमचा मुलगा, संकेत, तेव्हा पुण्यात होता. चांगला धडधाकट. म्हटलं नाव सांगायला काय जातंय."

"आणि आता?"

त्यांनी समोरच्या मुलाच्या भातावर तूप वाढलं. "आता इथेच असतो. गुणी झालाय."

समोरचा मुलगा पुरे म्हणाला. विभाने पंगतीवरून नजर फिरवली. एकेक आई, एकेक बाप, सगळे आपापल्या समोरच्या पानात काय कमी आहे ते बघत होते.

"सगळे असेच आलेत, बाळा," माणिककाकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "ज्याचं मूल खरंच जातं तो कशाला येईल इथे? तो घरी बसून रडतो बिचारा. इथे येतात ते शहाणे. दुसऱ्याचं पोर सोडवायला."

"मी पोलिसात जाईन."

"जा की. पण आधी बस, तिचं जेवण व्हायचंय. आज ने तिला घरी. एवढंच सांभाळ, दुसऱ्या नावाने हाक मारू नकोस. मारलीस तर उठेल आणि जिथून आली तिथे जाईल. मग तुझ्याकडे ना ही राहील ना ती."

"आणि माझी आर्या?"

काकूंनी शर्वरीकडे बोट दाखवलं. शर्वरी बोटं चाटत होती.

"ही काय," काकू म्हणाल्या. "बस आता. उभ्याने जेवू नये."

आणि विभा बसली. का बसली, हे तिला पुढे कधी सांगता आलं नसतं. भूक लागली होती एवढं तिला आठवत होतं.

५

गाडी तेलीबागेच्या गर्दीत अडकली तेव्हा विभाने फोन लावला. घंटा वाजत राहिली, मग कुण्या पुरुषाने उचलला. तो म्हणाला, हा नंबर बरेच दिवस माझ्याकडेच आहे. तिने अनघाला लावला.

"आर्या?" अनघा म्हणाली. "आंटी, कोई ग़लतफ़हमी है. मैं तो यहाँ शुरू से अकेली रहती हूँ."

मागच्या सीटवर पोर खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होती. विभाने फोन खाली ठेवला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल सुटल्याचं तिला कळलं.

घरी तिचा नवरा सुबोध पेपर वाचत बसला होता. त्याने चष्म्यावरून पोरीकडे बघितलं. विभा दारातच थांबली. आता हा विचारेल, शर्वरी तू? एवढं एकाने विचारलं असतं तरी तिच्या अंगात बळ आलं असतं.

"आलीस का. किती उशीर गं," सुबोध म्हणाला. "तुझी आई सकाळपासून फ्रिज भरून ठेवतेय."

पोर न विचारता बरोबर आर्याच्या खोलीत गेली. चपला पलंगाखाली ढकलल्याचा आवाज आला. मग ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली आणि काहीतरी दे म्हणाली. दुपारीच जेवलेली, तरी पुन्हा भूक. विभाने दहीभात कालवून पुढे ठेवला आणि पाणी आणायला वळली.

बाल्कनीच्या दाराला काच होती, तिच्यावर ऊन आलेलं. त्या काचेत टेबल दिसत होतं, पोर दिसत होती, खाली मान घालून जेवताना. आणि तिच्या खुर्चीमागे अगदी चिकटून आणखी कुणीतरी उभं होतं. इतकं बारीक की आधी विभाला पडद्याची घडीच वाटली. त्याचा जबडा हलत होता. पोरीने घास घेतला की तेही चावायचं, रिकाम्या तोंडाने. मग त्याने हात वर केला आणि कानाची पाळी चोळली.

विभा गर्रकन वळली. खुर्चीमागे कुणी नव्हतं. तिने काचेवरचा पडदा ओढून घेतला, दोन्ही बाजूंनी नीट. पुन्हा बघायची तिची हिंमत झाली नाही. आईची झाली नाही, हेही मी इथे सांगून ठेवतो.

६

अरुणा लगेच आली. ठरलंच होतं तसं. रिक्षातून उतरून धापा टाकत जिना चढली, हातात शर्वरीचा आवडता निळा ड्रेस, मिरजेच्या प्रवासासाठी इस्त्री करून आणलेला. दार पोरीनेच उघडलं.

"अरे मावशी. आओ ना," ती म्हणाली. "पैर में क्या हुआ, सूजा हुआ है."

अरुणा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हात उचलून तिचा गाल चाचपला, केस मागे सारले, हनुवटीखालचा लहानपणी पडल्याचा व्रण बघितला. व्रण होता. पोर गोंधळून हसली, तो हात हळूच बाजूला केला आणि आत निघून गेली.

"विभा," अरुणा म्हणाली. "हिला सांग."

विभाने मागे वळून आत बघितलं.

"तू हाक मार. तुझं ऐकेल. अगं नावाने हाक मार एकदा, मी लगेच घेऊन जाते हिला." अरुणाने तिचे दोन्ही हात धरले. "मी चुकले. मी तुला नको म्हणायला हवं होतं. तुझ्या आर्याचं आपण बघू काहीतरी, सगळं बघू. पण ही माझी आहे गं. तुला माहीत आहे ना ही माझी आहे?"

माहीत होतं. विभाला सगळं माहीत होतं. जिभेवर नाव तयार होतं, तीनच अक्षरं. ती उच्चारली की ताईला तिची पोर परत मिळणार होती. आणि मग हे घर, दुपार, टेबल, आणि काचेतलं ते. त्याला भरवायला कुणीच उरणार नव्हतं.

आतून हाक आली, "आई, थोडा और दो ना."

अरुणाचाच पाय आधी उचलला गेला. बावीस वर्षांची सवय. विभाने दाराच्या चौकटीवर हात आडवा धरला. बहिणीच्या डोळ्यांत बघून, अगदी मायेने, ती बोलली.

"ताई, सावर आता. शर्वरी गेली गं."

अरुणाच्या हातातला ड्रेस खाली पडला. तो उचलायलाही ती वाकली नाही. सुबोधने आतून विचारलं कोण आलंय, आणि विभा म्हणाली ताई आलीय, चहा टाका. मग ती उरलेला दहीभात घेऊन आत गेली.